साडेचार वर्षं उभी असलेली गाडी : आधी निदान, मग पाना



मागचा लेख हातच्याच्या वजाबाकीवर होता. आजचा एका जुन्या मोटारसायकलवर आहे. दिवाळीच्या सुट्टीतले माझे अकरा दिवस तिच्यात गेले आणि शंभर पानी वहीची चौदा पानं भरली. त्या वहीवरूनच हे लिहितेय. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गावाकडच्या पडवीत अशी एखादी गाडी धूळ खात उभी असेल, तर हे सगळं थेट उपयोगी पडेल. नसेल तरी वाचा, कारण मधे माझ्या वर्गातली एक चूकही कबूल करायची आहे.

गाडी वडिलांची. २००२ सालची हिरो होंडा स्प्लेंडर, एमएच-१२. अण्णा मार्केट यार्डात गूळ-भुसार बाजारात एका गाळ्यावर दिवाणजी होते. बिबवेवाडीतून रोज सकाळी ते हिच्यावरूनच जायचे. पाऊस असो, गणपतीतली गर्दी असो, गाडी दोन किकमध्ये सुरू. याच कंपनीच्या १९८५ च्या सीडी-१०० ची जाहिरात तुम्हाला आठवत असेल, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची. आम्ही ती फारच मनावर घेतली. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी गाडी पार्किंगमध्ये लावली. पुढे लॉकडाऊन, आणि सप्टेंबरात अण्णांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, पण डाव्या हाताची पकड गेली. डावा हात म्हणजे क्लच. गाडी जिथे होती तिथेच राहिली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सोसायटीची नोटीस लागली : बंद वाहनं महिनाअखेर हलवावीत, नाहीतर सोसायटी हलवेल. आईने भंगारवाल्याला विचारलं, तो चार हजार म्हणाला. अण्णा काही बोलले नाहीत. चावी मात्र त्यांनी देवघराच्या खणातून काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली. तेवढं मला पुरेसं होतं.

आमची पहिली चूक

धाकट्या भावाने उत्साहात एकाच दिवशी नवी बॅटरी आणि नवा प्लग आणला. टाकीतल्या जुन्या पेट्रोलमध्ये लिटरभर नवं ओतलं आणि किका मारल्या. पन्नास तरी मारल्या असतील. गाडी एकदाही ‘फट्’ म्हणाली नाही. मग जवळच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने दोन किका मारल्या आणि म्हणाला, “मॅडम, किक पोकळ जातेय. इंजिन काम निघालंय. ब्लॉक-पिस्टन धरून साडेआठ हजार पकडा.” प्लगसुद्धा काढून बघितला नाही. त्याची एक गोष्ट अर्धी बरोबर होती, ते पुढे येईलच.

आता बघा, सोळाशे रुपये खर्चून आम्हाला नवीन कळलं काय? काहीच नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि निकाल तोच आला. गाडी सुरू झाली असती तरी कशामुळे झाली ते सांगता आलं नसतं. शिवाय बॅटरीचा या रोगाशी संबंधच नव्हता. या जुन्या स्प्लेंडरमध्ये ठिणगीची वीज मॅग्नेटोच्या कॉइलमधून सीडीआयला मिळते, बॅटरीतून नाही. बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरसाठी. बॅटरी मेलेली असली तरी ही गाडी किकवर सुरू होते. हे अण्णांना माहीत होतं. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मी त्यांची खुर्ची लिफ्टने खाली पार्किंगमध्ये आणली, वही उघडली आणि ठरवलं : एका वेळी एकच गोष्ट करायची, आणि करण्याआधी लिहायचं की यातून आपल्याला काय कळणार आहे.

किक मारण्याआधी

जास्त दिवस उभ्या गाडीला आल्या आल्या किक मारू नका. माझं या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. इंजिन आतून कोरडं पडलेलं असतं. गाडी उभी करताना झडप ज्या जागी थांबली असेल, त्यावर आत किती दमट हवा जाते हे ठरतं. एखादी झडप उघडी राहिली असेल, तर पाच पावसाळ्यांची दमट हवा थेट सिलेंडरपर्यंत पोचते आणि तिथं गंजाचा पातळ थर धरतो. अशात जोराने किक मारली तर गंजाचे कण पिस्टनच्या रिंगांबरोबर सिलेंडर खरवडतात. कार्ब्युरेटर गळत असेल तर सिलेंडरमध्ये पेट्रोल साठलेलंही असू शकतं. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे अशा वेळची जोरदार किक इंजिनच्या आतलं काहीतरी वाकवते. आम्ही पन्नास किका मारल्या आणि वाचलो, हे नशीब.

म्हणून आधी नाक आणि डोळे वापरायचे. एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत उंदराने फिल्टर कुरतडून घरटं केलेलं. मार्केट यार्ड जवळ असल्यावर उंदरांचं काय सांगायचं! वायरी मात्र शाबूत होत्या, त्या बोटाने चाचपून शेवटपर्यंत बघितल्या. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. हे मुलांना दाखवायला मी काढून ठेवलं. इंजिन ऑइल बघितलं : काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. दुधाळ असतं तर पाणी शिरलंय असं समजायचं. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल कार्ब्युरेटरमधून खाली झिरपलंय. तसा वास नव्हता, म्हणजे अण्णांनी तेव्हा कॉक बंद केला होता. विचारलं तर म्हणाले, “रोजच करायचो.”

मग प्लग काढला, गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, चौथा गिअर टाकला आणि मागचं चाक हाताने हळूच फिरवलं. असं केलं की चाकाबरोबर पिस्टन हलतो आणि जोर आपल्या हातात राहतो. चाक फिरलं, पण जड. एका जागी खरखर जाणवली. पिस्टन जाम नव्हता, पण खूशही नव्हता. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. स्प्लेंडरचा सिलेंडर जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे तेल खालच्या बाजूला साचतं. ते सगळीकडे पोचावं म्हणून तासातासाने चाक थोडं थोडं फिरवलं. हे काम आईने आवडीने केलं, येता-जाता.

पेट्रोलचा वास हा स्वतंत्र धडा आहे. ताजं पेट्रोल नाकाला झोंबतं. आमच्या टाकीतलं रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास देत होतं. पेट्रोलमधले हलके, लवकर पेटणारे घटक आधी उडून जातात आणि मागे राहतं ते चिकट होत जातं. काचेच्या बाटलीत घेतलं तर रंग चहासारखा आणि तळाशी गंजाचा गाळ. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडे ते उसापासूनही येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. कॉक तर तळालाच असतो, म्हणजे इंजिनला पहिल्यांदा तेच मिळणार. म्हणून गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर निदान कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करा. जुनं पेट्रोल गटारात ओतू नका. एका गॅरेजवाल्याने आमचं सुटे भाग धुवायला नेलं.

पालकांना एक कळकळीची सूचना : पेट्रोल काढताना मुलं दूर हवीत, मोबाईल-काडेपेटी लांब हवी आणि काम उघड्यावर हवं. सुरू झालेली गाडी बंद पार्किंगमध्ये चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तीन प्रश्न

स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं. म्हणजे पिस्टन एका फेरीत कटिंग चहाच्या ग्लासाएवढी हवा आत ओढतो. तेवढ्याशा जागेत पेट्रोल मिसळलेली हवा आली, ती नीट दाबली गेली आणि योग्य क्षणी ठिणगी पडली, की गाडी सुरू होते. न होण्याचं कारण या तिघांतच असतं. तेव्हा प्रश्न तीन : ठिणगी आहे का? दाब आहे का? पेट्रोल पोचतंय का? प्रत्येकाची चाचणी फुकट होते.

ठिणगीपासून सुरुवात केली, कारण ती सगळ्यात सोपी. प्लग काढून कॅपमध्ये बसवायचा, त्याचे आटे इंजिनच्या धातूला टेकवायचे, प्लगच्या भोकावर फडकं ठेवायचं आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करून किक मारायची. निळी ठिणगी पडली, टक्क आवाजासह. हा झाला नवा प्लग. मग मी भावाला जुना प्लग कचऱ्यातून शोधून आणायला लावला. तो म्हणाला, “ताई, नवा असताना जुना कशाला?” पण जुना लावल्याशिवाय नव्याने काही फरक पडला का ते कळणार कसं? जुना ब्रशने पुसून लावला, तशीच निळी ठिणगी. म्हणजे प्लगही विनाकारण घेतला होता. वहीत लिहिलं : ठिणगी – आहे. प्लग – दोष नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा : उघड्या हवेत ठिणगी सहज पडते, सिलेंडरमधल्या दाबाखाली तीच अडू शकते. त्यामुळे पिवळट, मरतुकडी ठिणगी दिसली तर ‘आहे’ असं लिहू नका.

दुसरा प्रश्न दाबाचा. चावी बंद, प्लग बाहेर, भोकावर अंगठा घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने किक मारायची. चांगल्या इंजिनमध्ये अंगठा कितीही दाबला तरी उडतो. आमच्या गाडीत नुसती फुंकर आल्यासारखं वाटलं. अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, “पोकळ आहे.” गॅरेजवाला बरोबर होता तर! भावाचा चेहरा पडला. साडेआठ हजार डोळ्यांसमोर दिसायला लागले.

पण इथेच थांबून विचार करायचा असतो. दाब कमी आहे हे लक्षण झालं, कारण नाही. दाब दोन वाटांनी निसटतो : पिस्टनच्या रिंगांमधून खाली किंवा झडपांमधून बाहेर. कोणती वाट, हे सांगणारी एक सुंदर चाचणी आहे. सिलेंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, चाक फिरवून ते पसरवायचं आणि पुन्हा अंगठा लावायचा. तेल रिंगांभोवतीच्या फटी बुजवतं, झडपांपर्यंत जात नाही. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर झडपा. आम्ही तेल सोडलं, किक मारली आणि अंगठा उडाला. म्हणजे रिंगा.

भाऊ म्हणाला, “मग ब्लॉक-पिस्टनच ना?” नाही. रिंगांमधून दाब निसटण्याचीही दोन कारणं आहेत. रिंगा झिजलेल्या असतील तर बदलाव्या लागतात, पैसे जातात. पण साडेचार वर्षं उभ्या गाडीच्या रिंगा खाचेत चिकटलेल्याही असू शकतात, गंजाने आणि जळक्या तेलाने. चिकटलेल्या रिंगा तेलात भिजून मोकळ्या होतात, झिजलेल्या कितीही भिजवा, भरून येत नाहीत. म्हणून अजून दोन रात्री तेल, मधून मधून चाक फिरवणं. मग प्लग बाहेर ठेवून, भोकासमोर फडकं धरून तीस-चाळीस हलक्या किका मारल्या, म्हणजे उरलेलं तेल उडून जावं. नाहीतर ते तेलच दाब दाखवून फसवेल. एक दिवस थांबलो आणि कोरडी चाचणी घेतली. अंगठा उडाला. पहिल्या दिवशीची फुंकर नव्हती ती. अण्णांनी स्वतःचा उजवा अंगठा लावून पाहिला आणि म्हणाले, “आहे जीव.”

वर्गातली ती चूक

इथे थोडं गाडीवरून उतरते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. प्राथमिकची मुलं वर्गात परत येईपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ गेला. त्या काळात सेतू अभ्यास आला, आपण सगळ्यांनी तो घेतला. माझ्या वर्गात एक मुलगा होता, फळ्यावरचं उतरवून घेताना प्रत्येक ओळीत चुकायचा. ‘क्ष’चं ‘ळ’, ‘६’चं ‘३’. मी ठरवूनच टाकलं की शाळा बंद असताना याचं सगळं पुसलं गेलंय. त्याला पुन्हा मुळाक्षरांपासून बसवलं, घरी जादा पानं दिली, आईला बोलावून रोज तासभर बसवायला सांगितलं. दोन महिने! पोर रडवेलं झालं. एके दिवशी मैदानावर तो समोरून आलेला चेंडू बघूच शकला नाही, तेव्हा ट्यूब पेटली. त्याला पहिल्या बाकावर आणून तोच मजकूर उतरवायला दिला. एकही चूक नाही. चष्म्याचा नंबर निघाला. दोन मिनिटांची चाचणी मी दोन महिने घेतली नव्हती, कारण कारण काय ते मी आधीच ठरवून बसले होते. त्या गॅरेजवाल्याला हसायचा मला अधिकार नाही, मीही ब्लॉक-पिस्टनच बदलायला निघाले होते.

पालकांचंही सांगते. मार्क कमी आले की एकाच आठवड्यात शिकवणी बदलते, मोबाईल बंद होतो, खेळ बंद होतो, पहाटे उठवणं सुरू होतं. पुढच्या चाचणीत मार्क वाढले तर कशाने वाढले? आणि कमी झाले तर? माझ्याकडे येऊन तुम्ही हे विचारता तेव्हा मला खरंच उत्तर देता येत नाही.

चोकवर जगणारी गाडी

तिसरा प्रश्न पेट्रोलचा. ठिणगी होती, दाब आला होता. अण्णांनी जुनी युक्ती सांगितली. प्लगच्या भोकातून ताज्या पेट्रोलचे चार-पाच थेंब, थेंबच, सोडले, प्लग घट्ट बसवला आणि किक मारली. गाडी ‘भर्रर्र’ करून दोन सेकंद चालली आणि मेली. साडेचार वर्षांनी आलेला तो आवाज! आई जिन्यातून पळत खाली आली. पण निदानाच्या दृष्टीने त्या दोन सेकंदांनी सगळं सांगितलं : हाताने पेट्रोल दिलं तर इंजिन चालतं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वाटेने पेट्रोल येत नाही.

टाकी धुतली, कॉकची जाळी साफ केली, कडक झालेली पेट्रोलची नळी बदलली. कार्ब्युरेटरचा खालचा बाऊल उघडला तर तळाशी हिरवट-तपकिरी गोंद. यात दोन जेट असतात. मेन जेट वेगात चालताना पेट्रोल देतो, स्लो जेट गाडी उभी असताना. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. उजेडाकडे धरलं तर मेन जेटमधून उजेड दिसला, स्लो जेटमधून नाही. तार घालून टोकरू नका, भोक मोठं झालं की कायमचं बिघडतं. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा, थोडी वाट, मग सायकलच्या पंपाने हवा. उजेडाचा ठिपका दिसला तेव्हा भाऊ असा ओरडला की वॉचमन धावत आला.

सगळं जोडलं, चोक ओढला, चौथ्या किकला गाडी सुरू. आनंद जेमतेम मिनिटभर टिकला, कारण चोक सोडला की गाडी बंद. पुन्हा सुरू, चोक सोडला, बंद. आम्ही कार्ब्युरेटर पुन्हा खोलला, पुन्हा धुतला. तेच. तिसऱ्यांदा धुतला. तेच! तीन वेळा तेच उत्तर येऊनही आम्ही तीच कृती करत होतो, हे लिहिताना लाज वाटते.

अण्णा इतका वेळ बघत होते. म्हणाले, “पेट्रोल कमी पडतंय का हवा जास्त होतेय, हे ठरवलं का कुणी?”

हा प्रश्न नीट समजून घ्या. चोक ओढला की हवेची वाट अरुंद होते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. (ज्यांच्या घरी चेतक होती त्यांना स्कूटर आडवी करून मग किक मारायची पद्धत आठवेल. हेतू तोच, सुरुवातीला जरा जास्त पेट्रोल पोचवायचं.) गाडी फक्त चोकवर जगते, याचा अर्थ एरवी मिश्रण पातळ पडतंय. पातळ दोन प्रकारे पडेल : पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी चोरून हवा शिरतेय. वरण पातळ झालं तर डाळ कमी पडली असेल किंवा पाणी जास्त झालं असेल, तसंच. आम्ही डाळच मोजत बसलो होतो.

चोर शोधायची पद्धत सोपी. कुंडीतल्या झाडांना मारायची फवाऱ्याची बाटली घेतली, साधं पाणी. गाडी चोकवर सुरू ठेवून कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यातल्या नळीच्या जोडांवर एकेक करून थोडंसं पाणी मारलं, प्लगपासून लांब. जिथून हवा शिरते तिथं पाणी क्षणभर फट बुजवतं आणि इंजिनचा आवाज बदलतो. पहिल्या जोडावर काही नाही. दुसऱ्यावर मारलं आणि अण्णांनी हात वर केला. मला फरक कळला नव्हता, त्यांना कळला. पुन्हा मारलं, तेव्हा मलाही ऐकू आला. तिथली रबराची ओ-रिंग वाळून दगड झाली होती, नखाने तुकडे पडले.

भाऊ नाना पेठेत जाऊन नवी घेऊन आला. वीस रुपये. ती बसवली, चोकवर सुरू केली, मिनिटभराने चोक सोडला. गाडी चालूच राहिली. आम्ही सगळे शांत उभे होतो, कुणी काही बोललं नाही. अण्णांनी उजव्या हाताने ॲक्सिलरेटर किंचित फिरवला आणि सोडला.

नीट पाहिलं तर दोष दोन होते आणि ते एकमेकांच्या आड लपले होते. जेट तुंबलेला असताना ओ-रिंगचा दोष दिसूच शकत नव्हता. पहिला दूर झाल्यावरही लक्षण जवळपास तसंच राहिलं आणि आम्हाला वाटलं, पहिलाच उरलाय.

उरलेलं थोडक्यात

दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावर जुनं ऑइल काढलं, नवं साधारण ८०० मिलिलिटर लागलं. क्लच दाबूनही पहिल्या गिअरला गाडी पुढे झेपावत होती, क्लच प्लेटा चिकटल्या होत्या. इंजिन गरम करून स्टँडवर थोडा वेळ क्लच दाब-सोड केल्यावर सुटल्या. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी, तो गेला. काळा धूर असता तर पेट्रोल जास्त, निळा असता तर तेल जळतंय असं समजायचं. आमच्याकडे सकाळच्या पहिल्या किकला अर्धा मिनिट निळसर धूर येतो आणि थांबतो. अण्णांच्या मते झडपांच्या सीलचं रबर गेलंय. वहीत तो ‘संशय’ म्हणून लिहिलाय, तपासलेला नाही.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. टायरवर चार आकडे असतात, १४१८ म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. आमचे टायर त्याहून जुने निघाले, बाजूला बारीक चिरा होत्या. ते आणि ब्रेक लायनर बदलल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही, हा माझा हुकूम. कागदांचंही बघा : पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि विमा व पीयूसी चालू हवेत. आमची मुदत २०२२ लाच संपली होती. आता तपासणीची तारीख घ्यायची आहे.

खर्च : क्लीनर, ऑइल, नळी, एअर फिल्टर, ओ-रिंग मिळून हजाराच्या आत. टायर-ब्रेक वेगळे, ते कुठल्याही परिस्थितीत लागलेच असते. नवी बॅटरी हॉर्न वाजवायला उपयोगी आहे, असं भाऊ म्हणतो.

सुट्टीनंतर मी जुना प्लग, गंजाच्या गाळाची झाकण पक्कं केलेली बाटली (पेट्रोल काढून, पाणी घातलेली), ओ-रिंगचे तुकडे आणि कुंभारीण माशीचं घर वर्गात नेलं. प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहिला होता : ‘हिच्यामुळे गाडी बंद पडली असेल का? कसं शोधाल?’ मुलांनी माशीच्या घरावरच सगळ्यात जास्त वेळ घालवला, साहजिक आहे. ओ-रिंगचे तुकडे हातात घेऊन एका मुलीने ते आजीच्या कुकरच्या रिंगसारखे आहेत असं सांगितलं. शिट्टी होत नसेल तर आजी पाण्याचा हात फिरवून कुठून वाफ जाते ते बघते म्हणे. मी ते वहीत लिहून घेतलं.

जुना प्लग बघून मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “बाई, हा खराब नव्हता, तर काढला कशाला?” मी त्याला सगळी हकिकत सांगितली. घरी आल्यावर तो प्लग परत गाडीत बसवला. नवा साइड कव्हरच्या आत, हत्यारांच्या पिशवीत ठेवलाय.